तार आणि नाके : हौशी संगणक-जाळ्याचा नकाशा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त तारनाका येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचे व्याख्यान ज्या वस्तीत होत आहे, तिच्या नावातच व्याख्यानाचा विषय सामावलेला आहे. तारनाका हे नाव कसे पडले याविषयी असे सांगितले जाते की, निजामी अमलात या भागातील बागांभोवती तारेचे कुंपण होते आणि त्या कुंपणापाशी पहाऱ्याचा नाका होता. तारेचा नाका तो तारनाका. पुढे शेजारी उस्मानिया विद्यापीठाचा परिसर उभा राहिला. उप्पलकडे जाणाऱ्या रस्त्यावर रसायन, भूभौतिकी, पेशीजीवशास्त्र अशा विषयांच्या राष्ट्रीय संशोधनसंस्था आल्या. २०१७ मध्ये मेट्रोचे स्थानकही झाले. बागा गेल्या, कुंपण गेले. नाव तेवढे राहिले.

दळणवळणाच्या कोणत्याही जाळ्याचे घटक दोनच. एक, जेथे निरोप थांबतो, तपासला जातो आणि पुढे धाडला जातो ती जागा. दुसरा, अशा दोन जागांना जोडणारा दुवा. संगणकाच्या भाषेत पहिल्यास 'नोड' म्हणतात. मराठीत त्यास 'नाका' म्हणावयास कोणतीच अडचण नाही, आणि दुव्यास 'तार' हा शब्द तर टपाल-तार खात्याच्या काळापासून रुळलेला आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने सर्व शास्त्रे उर्दूतून शिकवता यावीत म्हणून अनुवादाचा स्वतंत्र विभाग चालवला होता. अशा परिसरात आपल्या भाषेतील दोन साधे शब्द शास्त्राच्या कामास लावणे वावगे ठरू नये.

नाके आणि तारा कागदावर मांडल्या की जाळ्याचा नकाशा तयार होतो. हा नकाशा सरकारी खात्याने वा मोठ्या कंपनीने काढला, तर त्यात नवल नाही. जाळे त्यांच्याच मालकीचे असते. परंतु ज्या जाळ्याला मालक नाही, पगारी नोकर नाहीत, मुख्य कचेरी नाही, जे केवळ हौसेने घराघरांतून उभे राहिले, त्याचा नकाशा कोण काढणार? त्याने तो काढला तरी खरा कसा राहणार? आणि जाळे विरून गेल्यावर त्या नकाशाचे काय होते? 'फिडोनेट' नावाच्या जाळ्याच्या आधाराने या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. शेवटचा प्रश्न ग्रंथालयाशी थेट निगडित आहे.

प्रथम पूर्वपीठिका. आज जे इंटरनेट आपण सर्वजण वापरतो, ते घरोघर पोहोचण्यापूर्वी संगणकाच्या हौशी मंडळींनी साध्या दूरध्वनीवरून संदेशांची देवाणघेवाण सुरू केली होती. एखादा गृहस्थ आपला संगणक मोडेम नावाच्या यंत्राद्वारे दूरध्वनीला जोडून ठेवी. दुसऱ्याने आपल्या घरून त्या क्रमांकावर फोन केला की त्याला पडद्यावर सूचनाफलक दिसे. त्यावरचे संदेश वाचावेत, आपला संदेश लिहावा आणि फोन ठेवावा. गावच्या चावडीवरील फळ्यासारखीच ही सोय. म्हणून तिला संगणकीय सूचनाफलक हे नाव. असा पहिला फलक वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी शिकागो येथे फेब्रुवारी १९७८ मध्ये सुरू केला. लवकरच असे फलक गावोगाव झाले; तथापि प्रत्येक फलक आपल्या जागी एकटाच होता. शिकागोच्या फलकावरील मजकूर वाचण्यासाठी शिकागोलाच फोन करावा लागे.

ही एकाकी ठाणी एकमेकांस जोडण्याचे काम १९८४ साली झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील टॉम जेनिंग्ज यांनी 'फिडो' नावाचा फलक-कार्यक्रम लिहिला होता. नानाविध सुटे भाग जोडून बनवलेल्या एका जुन्या संगणकाला, त्याच्या संकरित कुळावरून, कुत्र्याचे म्हणून प्रसिद्ध असलेले हे नाव मिळाले होते. तेच कार्यक्रमाला आणि पुढे जाळ्याला चिकटले. देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, बाल्टिमोर येथे, जॉन मॅडिल हेच साधन चालवीत. दिवसभर साठलेले संदेश मध्यरात्रीनंतर, दूरध्वनीचे दर उतरल्यावर, एका संगणकाने दुसऱ्याला आपण होऊन फोन करून पोहोचवावेत, अशी योजना या दोघांनी अमलात आणली. जेनिंग्ज यांचा पहिला नाका, मॅडिल यांचा दुसरा. त्या घटकेला नकाशा पूर्ण होता : दोन नाके आणि एक तार.

तो फार काळ तेवढा राहिला नाही. त्याच वर्षाच्या ऑगस्टअखेर नाके ३० च्या आसपास झाले, सप्टेंबरअखेर ५०, आणि जानेवारी १९८५ मध्ये १६०. नव्या माणसाने जेनिंग्ज यांना कळवावे, त्यांनी पुढचा क्रमांक द्यावा, यादीत एक ओळ वाढवावी आणि यादी सर्वांना पाठवावी, अशी आरंभीची रीत होती. ही यादी म्हणजेच जाळ्याचा नकाशा होय. तिच्यात क्रमांक, गाव आणि दूरध्वनी असे. संगणक ती उघडून पाही आणि रात्री त्या क्रमांकाला फोन लावी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. छापील नकाशात चूक राहिली तर प्रवाशाला हेलपाटा पडतो, आणि तेवढ्यावर भागते. या नकाशातील चुकीचा ताप मात्र ज्याचा जाळ्याशी काही संबंध नाही अशा माणसाला होई. यादीत एक आकडा चुकला की रात्री-अपरात्री भलत्याच घरची घंटा वाजे. घरच्या माणसाने दचकून उठून फोन घ्यावा, तर पलीकडून नुसती शीळ ऐकू यावी. आणि यंत्राला समज नसल्यामुळे ते पुनःपुन्हा फोन करीत राही. असा प्रकार प्रारंभीच्या दिवसांत खरोखर घडला आणि एका वृद्ध बाईंना त्याचा उपद्रव झाला. तेव्हापासून यादीचा खरेपणा हा जाळ्याच्या शिस्तीचा पाया ठरला.

यादीचे काम वाढले, तेव्हा जेनिंग्ज यांनी ते सेंट लुइस शहरातील केन कॅप्लन, बेन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर सोपवले. मूळ कार्यक्रमात २५० पेक्षा अधिक नाके मावत नव्हते. शिवाय जगातील प्रत्येकाने प्रत्येकाला थेट फोन करणे खर्चाचे होते. यास्तव जून १९८५ मध्ये पत्त्याची पद्धत बदलण्यात आली. एका गावातील वा परिसरातील नाक्यांचे एक स्थानिक जाळे धरावयाचे. पत्त्यात आधी जाळ्याचा क्रमांक आणि मग नाक्याचा. परगावचे टपाल त्या जाळ्याच्या यजमान नाक्याकडे एकाच फोनवर जाई आणि तो ते गावात वाटी. पुढे जाळे इतर खंडांत पसरले तेव्हा या दोहोंच्या आधी विभागाचा आकडा आला : १ उत्तर अमेरिका, २ युरोप, ३ ऑस्ट्रेलिया व परिसर, ४ लॅटिन अमेरिका, ५ आफ्रिका आणि ६ आशिया. विभाग, जाळे, नाका ही उतरंड आपल्या टपालातील राज्य, जिल्हा, गाव यांसारखीच आहे. परिणामी पत्ता वाचताच नाका जगाच्या कोणत्या भागात आहे हे कळे. नकाशा पत्त्यातच उतरला होता म्हणा ना.

या यादीची एक ओळ कशी असे, हे पाहणे उद्बोधक आहे. स्वल्पविरामांनी विभागलेल्या त्या ओळीत क्रमांक, नाक्याचे नाव, गाव, चालकाचे नाव, दूरध्वनी, मोडेमचा वेग आणि विशेष सोयींच्या खुणा एवढा मजकूर मावे. ओळीच्या आरंभी प्रसंगी एखादा शब्द येई. 'होल्ड' म्हणजे चालक काही दिवस परगावी आहे, त्याचे टपाल थांबवून ठेवावे. 'डाउन' म्हणजे यंत्र बंद पडले आहे. 'प्रायव्हेट' म्हणजे चालकाने दूरध्वनी प्रसिद्ध केलेला नाही. एखादा हौशी गृहस्थ पंधरा दिवस सुट्टीवर गेला तर त्याची नोंद साऱ्या जगाच्या यादीत होई. नकाशा आणि हजेरीपट असे दोन्ही काम ती यादी करी.

ती खरी राहावी म्हणून केलेली योजना साधी आणि शहाणपणाची होती. संपूर्ण यादी एका माणसाने तपासावी असे कोणीच म्हटले नाही. स्थानिक जाळ्याच्या समन्वयकाने आपल्यापुरता भाग ठीक ठेवावा, तो वरच्या समन्वयकाकडे पाठवावा, त्याने आपल्याकडील सर्व भाग जोडावेत, अशा पायऱ्यांनी विभागाची आणि मग जगाची यादी होई. दर शुक्रवारी नवी यादी निघे. पूर्ण यादी पुन्हा पाठवण्याचा खर्च टाळण्यासाठी केवळ बदललेल्या ओळींची पुरवणी धाडत. प्रत्येकाचा संगणक ती जुन्या यादीला जोडी आणि बेरजेसारखा एक ताळा करून काही गळले नाही ना याची खात्री करून घेई.

नाका म्हणून नोंद हवी असेल तर अर्ज कागदावर देऊन चालत नसे. तो जाळ्यावरूनच, आपल्या संगणकाकडून समन्वयकाच्या संगणकाकडे पाठवावा लागे. अर्ज पोहोचला याचाच अर्थ अर्जदाराची यंत्रणा चालते. नोंद झाल्यावर बंधन मुख्यतः एकच : दररोज ठरलेल्या एका तासात आपला संगणक इतर कामांतून मोकळा ठेवून टपालासाठी उघडा ठेवावयाचा. त्या तासात जो वारंवार उत्तर देत नाही, त्याचे नाव काही काळाने यादीतून कमी होई. वर्गणी नाही, फी नाही; रात्रीचा एक तास एवढीच अट. अशा अटीवर १९९५ च्या सुमारास या यादीत ३५ हजारांहून अधिक नाके होते, हे आज आश्चर्याचे वाटते.

येथवर नाक्यांचा विचार झाला. आता तारांकडे वळू.

नोडलिस्ट ही नाक्यांची यादी होती. त्यातील कोणता नाका प्रत्यक्षात कोणाला फोन करतो, किती वेळा करतो, कोणाच्या पदरचे पैसे त्यात जातात, हे तिच्यात लिहिलेले नसे. यादीवरून एवढेच कळे की अमक्याला तमक्याशी बोलता येईल. तो बोलतो की नाही हे कळत नसे. तुलनेसाठी त्याच काळातील दुसरे उदाहरण घेता येईल. विद्यापीठे आणि संगणक कंपन्या यांच्यामध्ये यूयूसीपी नावाचे जाळे होते. त्याच्या नकाशात प्रत्येक ठिकाणाने आपले शेजारी कोण आणि त्यांच्याशी संपर्क कितपत नियमित, म्हणजे तासातासाला, रोज की आठवड्यातून एकदा, हे स्वतः नोंदवावयाचे असे. त्यावरून सर्वांत सोयीची वाट काढण्याचा 'पाथएलियस' नावाचा कार्यक्रमही होता. तेथे तारांची नोंद नकाशातच होती. फिडोनेटमध्ये ती अन्यत्र, आणि जवळजवळ नकळत, होत होती.

१९८६ साली डॅलस येथील जेफ रश यांनी 'एकोमेल' ही सोय निर्माण केली. एका फलकावर लिहिलेला संदेश त्या विषयात भाग घेणाऱ्या सर्व फलकांवर आपोआप उमटावा, अशी ती योजना. यात एक धोका होता. अ ने ब ला, ब ने क ला आणि क ने पुन्हा अ ला तोच संदेश दिला तर तो गरगर फिरत राहील आणि प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतील. म्हणून तारा झाडाच्या फांद्यांसारख्या असाव्यात, कोठेही वर्तुळ होऊ नये, असा दंडक होता. त्याच्या जोडीला प्रत्येक संदेशाच्या तळाशी दोन प्रकारच्या ओळी जोडल्या जात. एका ओळीत हा संदेश कोणकोणत्या नाक्यांना मिळाला त्यांचे क्रमांक. दुसरीत तो ज्या नाक्यांच्या हातून पुढे गेला त्यांचे क्रमांक, क्रमवार.

ही दुसरी ओळ नकाशा काढणाऱ्यास मोलाची आहे. तिच्यात लागोपाठ आलेले दोन क्रमांक म्हणजे खरोखर वापरात असलेली एक तार. एका संदेशावरून चार-पाच तारा कळतात. एका महिन्याचे काही शे संदेश घेतले, प्रत्येक जोडी मांडली आणि ती किती वेळा येते ते मोजले, की कागदावर झाड उमटू लागते. खोड कोणते, फांद्या कोणत्या, कोणत्या एका नाक्यावर अख्खा प्रदेश अवलंबून आहे, हे स्पष्ट होते. दोन महिन्यांचे नकाशे शेजारी ठेवले तर कोणती फांदी तुटली आणि कोठे नवी जोडली गेली, तेही दिसते.

परंतु या ओळींचे मोल त्या काळी कोणाला फारसे वाटले नाही. वाचणाऱ्याला त्या अडगळ वाटत, म्हणून बहुतेक कार्यक्रम त्या पडद्यावर दाखवीतच नसत. विभागाच्या वेशीवर, म्हणजे एका खंडातून दुसऱ्या खंडात संदेश जाताना, क्रमांकांचा घोटाळा होऊ नये म्हणून मिळाल्याची जुनी ओळ काढून टाकण्याचा प्रघात असे. फलकांची साठवण तुटपुंजी असल्यामुळे जुने संदेश काही दिवसांनी आपोआप पुसले जात. कोणी हौसेने चांगला मजकूर जपलाच, तर तो वरच्या मजकुरासाठी. तळाच्या ओळी कापून. यादी मात्र प्रत्येक नाक्यावर आवश्यक असल्यामुळे तिच्या प्रती जगभर झाल्या, आणि १९८४ पासूनच्या कित्येक याद्या संग्राहकांनी आजवर जतन केलेल्या आहेत. सारांश, नाके टिकले. तारा बहुतांशी पुसल्या गेल्या.

आता भारताकडे पाहू. ज्या काळाची ही हकिकत आहे, त्या काळात आपल्याकडे दूरध्वनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे श्रोत्यांपैकी अनेकांना स्मरत असेल. घरात असलेला एकुलता एक फोन रात्रभर संगणकाच्या हवाली करणे ही साधी गोष्ट नव्हती. सहाव्या विभागाचा टपालाचा तास जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे २० ते २१ असा ठरलेला होता; भारतीय वेळेनुसार तो रात्री दीड ते अडीच येतो. एसटीडीचा दर रात्री ११ नंतर एक-चतुर्थांशावर येत असे आणि त्या घटकेला पीसीओबाहेर रांगा लागत, हीही आठवणीतलीच गोष्ट. अशा दरात, १२०० बिटांच्या मोडेमवर, सेकंदाला सुमारे १२० अक्षरे जात. दोन हजार अक्षरांचे एक पान जावयास सतरा सेकंद लागत. तार मध्येच तुटली तर पुन्हा आरंभापासून. संदेश बहुधा रोमन लिपीत असत. भारतीय लिपींसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली खरी, परंतु देवनागरी मजकूर वाचण्यासाठी दोन्ही टोकांना तशी सोय असणे आवश्यक होते.

तरीही फलक निघाले. मुंबईत 'लाइव्ह वायर' हा फलक चालत होता. बंगळूर येथे अतुल चिटणीस यांनी १९८९ पासून 'सिक्स' हा फलक चालवला आणि त्याभोवती जाणकारांचा एक वर्ग तयार झाला. चिटणीस यांचा जन्म १९६२ चा, बर्लिनमधला. अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावच्या गोगटे महाविद्यालयातले. फलकाचे दिवस सरल्यावर त्यांनी 'पीसीक्वेस्ट' मासिकातून लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली भारतीय वाचकांपर्यंत नेण्यात मोठा वाटा उचलला आणि बंगळूरला मुक्त प्रणालींची संमेलने भरवली. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. हौशी फलकावर जमलेली माणसे पुढच्या काळातील मोठ्या कामाची बीजे कशी ठरतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

या फलकांना दोन बाजूंनी ओहोटी लागली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास खाजगी फलकांवर भारी परवाना-शुल्क लावण्याचे धोरण दूरसंचार खात्याने पुढे आणले. घरच्या खोलीतून विनामूल्य चालणाऱ्या फलकाला ते पेलणारे नव्हते आणि चालकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. तोवर १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटसेवा सुरू केली आणि फलकाचे प्रयोजनच उणावत गेले. जगभर हेच झाले. फिडोनेट बंद पडले नाही, ते आजही अल्प प्रमाणात चालू आहे. तथापि आशियातील नाके इतके कमी झाले की जुलै २००७ मध्ये सहावा विभाग यादीतून काढण्यात आला आणि उरलेले मोजके नाके तिसऱ्या विभागाला जोडण्यात आले. एका खंडाचे नाव नकाशावरून पुसले गेले आणि वर्तमानपत्रांच्या वाचकांस त्याचा पत्ताही लागला नाही.

तारांची नोंद ठेवणारे हौशी लोक जगात नव्हतेच असे मात्र नाही. आणि त्यांचे एक महत्त्वाचे ठाणे या हैदराबाद शहरातच आहे. हौशी आकाशवाणीचालक, ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो, ते प्रत्येक संपर्काची नोंद वहीत करतात : तारीख, वेळ, समोरच्या केंद्राचे सांकेतिक नाव, तरंगलांबी, आवाज कितपत स्पष्ट. पुढे दोघे एकमेकांस पोस्टकार्डाएवढे पुष्टिपत्र पाठवतात. म्हणजे येथे प्रत्येक तार दोन्ही टोकांनी साक्षांकित होते. १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय हौशी आकाशवाणी संस्था याच शहरात आहे. संगणक आल्यावर हॅम मंडळींनी संगणकाचा मजकूर बिनतारी लहरींवरून पाठवण्याची 'पॅकेट रेडिओ' ही पद्धत काढली. तेथेही नाके असतात, आणि कोणता नाका कोणाला ऐकू येतो याची सूची यंत्र स्वतः ठेवते. या संस्थेची तुकडी हौशी प्रक्षेपणासाठी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअर येथे गेली असता २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली आणि इतर साधने कोलमडली असताना या मंडळींनी निरोपांची वाहतूक केली. कोण कोणाला ऐकू येते हे ठाऊक असणे अशा वेळी जिवाभावाचे ठरते.

हे सारे ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथासाठी का सांगावयाचे? कारण हाच भेद ग्रंथालयाच्या दप्तरातही आहे.

ग्रंथालयात दोन नोंदवह्या असतात. एक दाखल-नोंदवही : पुस्तक कोणते, केव्हा आले, कोणी दिले, किंमत काय. दुसरी देवघेवीची : ते पुस्तक कोणी, केव्हा नेले, केव्हा परत केले. पहिलीत नाके आहेत, दुसरीत तारा. पहिली मालमत्तेचा पुरावा म्हणून कपाटात राहते, हिशेबतपासनीस ती मागतो. दुसरी भरली की तिचे काम संपले असे मानून ती सर्वसाधारणपणे रद्दीत जाते. ग्रंथालयांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा पुस्तके किती, इमारत केव्हा झाली, अध्यक्ष कोण, हे सविस्तर येते. ती पुस्तके कोणाच्या हाती गेली आणि त्या वाचनाने कोणाला कोणाशी जोडले, हे त्यात येत नाही.

हैदराबादच्या मराठी समाजाच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवणारी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा या राज्यातून वेगळा झाला आणि येथील मराठी वाचक भाषेच्या मुख्य प्रदेशापासून दूर राहिला. त्यानंतर येथील मराठीपण टिकले ते अशा लहान लहान नाक्यांच्या बळावर : एखादे ग्रंथालय, एखादी शाळा, गणेशोत्सवाचे मंडळ, कोणाच्या तरी घरी येणारे मासिक आणि ते पाच घरे फिरवणारा माणूस. मासिकाची वर्गणी कोणाच्या नावे होती याची पावती मिळू शकते. ते कोणत्या घरून कोणत्या घरी जात असे, हे सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.

यास्तव काही गोष्टी करण्यासारख्या आहेत, आणि त्या फारशा खर्चाच्या नाहीत. ज्यांच्या घरी संगणकाच्या त्या आरंभकाळातील तबकड्या, संदेशांच्या छापील प्रती, हॅमच्या वह्या वा पुष्टिपत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न टाकता ग्रंथालयास दाखवावीत. चुंबकीय तबकडीवर बुरशी चढते, तिचे चुंबकत्व क्षीण होते आणि ती वाचणारी यंत्रेही दुर्मिळ झाली आहेत. त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. प्रत करताना संदेश संपूर्ण, तळाच्या ओळींसह घ्यावा. ग्रंथालयाने आपल्या देवघेवीच्या जुन्या वह्यांपैकी निदान प्रत्येक दशकातील एक वर्ष राखून ठेवावे. आणि वयोवृद्ध सभासदांना प्रश्न विचारताना 'तेथे काय होते?' एवढ्यावर न थांबता 'तेथून कोणाकडे जात असे?' हेही विचारावे. नाक्यापुढे नाव, जागा आणि काळ लिहावा. तारेपुढे कोणाकडून, कोणाकडे, कोणत्या साधनाने आणि किती वेळा हे लिहावे. एवढ्या सामग्रीवर कोणासही नकाशा काढता येईल.

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. फिडोनेटच्या यादीत माणसांची खरी नावे आणि घरचे दूरध्वनी होते. ती ज्या विश्वासाने दिली गेली तो आपसांतला होता. देवघेवीच्या वहीत तर कोणी काय वाचले हे लिहिलेले असते आणि ते वाचकाचे खाजगी आहे. म्हणून संग्रह जपावा, परंतु हयात व्यक्तींचे तपशील झाकावेत. अभ्यासकास नावाऐवजी क्रमांक द्यावा. तारांचा आकार त्यानेही कळतो आणि कोणाच्या घरची घंटा मध्यरात्री वाजत नाही.

फिडोनेटच्या यादीत पस्तीस हजार ओळी झाल्या, तेव्हाही प्रत्येक ओळीमागे आपल्या झोपेचा एक तास आणि घरचा एक फोन देणारे माणूस उभे होते. तो तास देणे थांबले तेव्हा नाव गळले. शंभर वर्षे रोज ठरलेल्या वेळी दार उघडणाऱ्या ग्रंथालयाला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. येथे कोण येत होते आणि येथून काय, कोणाकडे गेले, याच्या नोंदी आजपासून ठेवल्या, तर द्विशताब्दीच्या वक्त्याला तारांविषयी अनुमाने बांधावी लागणार नाहीत.